दुरून केलेले निदान : 'वेडा महंमद' आणि मनोविकारशास्त्राची नीती

मराठीत 'तुघलकी कारभार' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यामागे एक वैद्यकीय निदान दडलेले आहे, याची जाणीव तो वापरणाऱ्यास बहुधा नसते. मंडल कार्यालयाने अर्जाचा नमुना बदलला, कापूस खरेदीचा दिवस ऐनवेळी पुढे ढकलला गेला, की बेल्यासारख्या सीमेवरच्या गावात मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारे सर्वच जण 'तुघलकी फर्मान' म्हणून मोकळे होतात. या शब्दाचा अर्थ केवळ 'मनमानी' एवढाच नाही. मनमानी करणारे राजे पुष्कळ होऊन गेले. त्यांच्या नावांची विशेषणे झाली नाहीत. 'तुघलकी' म्हणजे वेडेपणाचा कारभार. मराठी माणूस सुलतान महंमद बिन तुघलक याला 'वेडा महंमद' म्हणूनच ओळखतो. हे निदान कोणी केले, कोणत्या पुराव्यावर केले आणि रुग्णाला कोणी पाहिले होते, हे प्रश्न आपण विचारीत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय इतिहास हा नसून वैद्यकाची नीती हा आहे. सार्वजनिक जीवनातील व्यक्तीला न भेटता, न तपासता, तिच्या संमतीविना तिला मनोविकार आहे असे जाहीरपणे सांगण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञाला आहे काय? हा प्रश्न अमेरिकेत १९६४ पासून चर्चिला जात आहे. आपल्याकडे तो फारसा चर्चिला गेला नाही, पण तो आपल्या अगदी जवळचा आहे. दौलताबाद आणि बेला ही दोन्ही ठिकाणे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. म्हणून सुरुवात दौलताबादेपासून करणे योग्य ठरेल.

महंमद बिन तुघलक याने १३२५ ते १३५१ या काळात राज्य केले. त्याच्या बुद्धीविषयी वैद्यकीय भाषेत शंका घेणारा सर्वांत प्रभावी लेखक म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाईच्या अखेरीस पुण्याचा रेसिडेंट आणि पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर असलेला हा गृहस्थ महाराष्ट्राला चांगला परिचित आहे. १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदुस्थानच्या इतिहासात त्याने या सुलतानाच्या विद्वत्तेची भरपूर स्तुती केली आणि लगेच, हे सर्व गुण बुद्धीच्या एका विकृतीमुळे वाया गेले, त्याला काही अंशी वेडच लागले असावे अशी शंका येते, असा अभिप्राय दिला. एल्फिन्स्टन सावध लेखक होता. त्याने शंका म्हणून जे लिहिले ते पुढील शालेय पुस्तकांनी निश्चित निदान म्हणून उचलले. दुरून केलेल्या निदानाचा हा स्वभावच आहे. पहिला लेखक 'असावे' म्हणतो, दुसरा 'असे म्हणतात' म्हणतो, तिसरा 'होते' म्हणतो.

एल्फिन्स्टन आणि त्याचा 'रुग्ण' यांच्यामध्ये पाच शतकांचे अंतर होते. मग त्याच्यापुढे कोणती साक्ष होती? मुख्यतः तीन लेखकांची. झियाउद्दीन बरनी हा सुमारे सतरा वर्षे सुलतानाच्या दरबारात होता. त्याने आपला ग्रंथ १३५७ च्या सुमारास, म्हणजे सुलतान वारल्यानंतर, स्वतः दरबारातून दूर होऊन दारिद्र्यात दिवस काढीत असताना लिहिला. सुलतानापुढे खरे बोलण्याचे धैर्य आपल्याला झाले नाही ही खंत त्याच्या लिखाणात जागोजागी दिसते. इसामी हा दुसरा. त्याच्या नव्वदीच्या आजोबांना दिल्लीहून दौलताबादेकडे निघावे लागले आणि ते वाटेतच वारले. इसामीने आपले काव्य १३५० मध्ये बहमनी सुलतानाच्या आश्रयाने पूर्ण केले. बहमनी राज्य तुघलकाविरुद्ध बंड करून १३४७ मध्ये स्थापन झालेले होते. तिसरा इब्न बतूता. तो १३३४ ते १३४२ या काळात दिल्लीत होता, काझी होता, सुलतानाचा पगार खात होता आणि त्याच्या रागाला घाबरतही होता. त्याने आपला वृत्तांत मोरोक्कोत परतल्यावर तोंडी सांगितला. दिल्लीतील एका आंधळ्याला फरफटत दौलताबादेस नेण्यात आले आणि शेवटी त्याचा फक्त पाय तेथे पोचला, ही कथा त्याच वृत्तांतातली.

एक आश्रित, एक पीडित कुटुंबाचा वंशज आणि एक प्रवासी. तिघांचीही साक्ष मोलाची आहे. इतिहासकाराने ती वापरलीच पाहिजे. परंतु दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला रुग्णाच्या नोकराने, शत्रूच्या आश्रिताने आणि दूरदेशी परतलेल्या पाहुण्याने सांगितलेली हकीकत मिळाली, तर तो तेवढ्यावर औषध लिहून देईल काय? तो म्हणेल, रुग्णाला घेऊन या.

आता लक्षणे म्हणून जी सांगितली जातात ती पाहू. राजधानी दौलताबादेस हलवणे, धातूचे नाणे चलनात आणणे, दुआबातील करवाढ, खुरासानवरील स्वारीची तयारी, हिमालयातील कराचिल मोहीम. यांतील पहिल्या दोहोंवर थोडे थांबावे लागेल. दक्षिणेत १३२६-२७ मध्ये सुलतानाचाच आप्त बहाउद्दीन गुर्शास्प याने बंड केले होते. नुकतीच जिंकलेली दक्षिण दिल्लीहून सांभाळणे अवघड आहे, हे सुलतानाला दिसले. देवगिरीचा किल्ला अभेद्य होता. तेथे दुसरे सत्ताकेंद्र उभारण्याचा विचार राजकीयदृष्ट्या तर्कशुद्ध होता. आगा महदी हुसेन यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात साधार दाखवले की सारी दिल्ली ओस पाडून नेली हा समज टिकणारा नाही. नेले गेले ते प्रामुख्याने उमराव, उलमा, सूफी आणि त्यांचा परिवार. ईश्वरी प्रसाद यांनीही १९३६ मध्ये वेडाचा आरोप नाकारला होता. एक हिंदू आणि एक मुसलमान, असे दोन अभ्यासक अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने जवळपास एकाच निष्कर्षावर आले, तरी 'वेडा महंमद' भाषेतून हलला नाही.

शिवाय त्या 'वेडा'चे फळ काय? त्याच स्थलांतरात शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब दक्षिणेत आले आणि १३३७ मध्ये वारले. अमीर हसन सिज्झी आले. दोघेही खुलताबादेत चिरनिद्रा घेत आहेत. उत्तरेकडून आलेल्या या लोकांची बोली मराठी, कन्नड, तेलुगू यांच्या सहवासात मुरली आणि तिची दखनी झाली. मराठवाड्यात आणि आदिलाबादेत आज जी उर्दू ऐकू येते तिची मुळे त्या प्रवासात आहेत. एखाद्याच्या कृतीचा परिणाम चांगला निघाला म्हणून ती कृती शहाणपणाची ठरत नाही, हे मान्य. लोकांचे हाल झाले, हेही खरे. पण कृतीमागे कारण होते की रोग, हा प्रश्न परिणामावरून सुटत नाही. चांगल्या परिणामावरूनही नाही आणि वाईट परिणामावरूनही नाही.

नाण्यांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. चीनमध्ये कागदी चलन होते; इराणात गैखातूने १२९४ मध्ये तबरीझला तसाच प्रयोग करून पाहिला होता आणि तो फसला होता. सुलतानाने १३२९-३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या मोलाने चालवायचे ठरवले. बनावट नाणी रोखण्याची व्यवस्था त्याने केली नाही, घराघरांत जणू टांकसाळी निघाल्या आणि व्यवहार कोलमडला. तेव्हा त्याने ती नाणी परत घेऊन त्यांच्या बदल्यात खजिन्यातून खरे नाणे दिले. चलनाचा प्रयोग फसल्यावर रयतेला स्वतःच्या तिजोरीतून भरपाई देणारा राजा वेडा म्हणवला गेला, हे चलनाच्या इतिहासातील एक आश्चर्यच म्हटले पाहिजे. नाणकशास्त्राचा अभ्यासक एडवर्ड थॉमस याने याच सुलतानाला नाणी पाडणाऱ्यांचा राजपुत्र म्हटले होते.

येथे एक गैरसमज होऊ नये. हा लेख सुलतानाचे समर्थन नाही. त्याचे क्रौर्य निर्विवाद आहे. त्याच्या वाड्याच्या दाराशी एकीकडे दान घेऊन श्रीमंत झालेला माणूस आणि दुसरीकडे ठार केलेला माणूस असे दृश्य नित्याचे होते, हे इब्न बतूताने लिहिले आहे. दुष्काळात दुआबाच्या शेतकऱ्यावर कर वाढवणे हा गुन्हा होता. नेमके म्हणूनच 'वेडा' हा शब्द अडचणीचा आहे. इस्लामी न्यायशास्त्रात दिवाण्यावर गुन्ह्याची जबाबदारी येत नाही. आधुनिक कायद्यातही हेच तत्त्व आहे. ज्याला आपण वेडा ठरवतो त्याला आपण त्याच दमात निर्दोषही सोडतो. शेतकऱ्याला छळणारा राजा वेडा होता असे म्हटले की राजसत्तेच्या रचनेविषयी, महसुलाच्या पद्धतीविषयी, सल्लागारांच्या भेकडपणाविषयी काही विचारायला उरत नाही. बरनीचा अपराधभाव या दृष्टीने एल्फिन्स्टनच्या निदानापेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण तो निदान स्वतःच्या मौनाकडे बोट दाखवतो.

गिरीश कर्नाड यांनी १९६४ मध्ये कन्नडात लिहिलेले 'तुघलक' हे नाटक विजय तेंडुलकरांच्या अनुवादामुळे मराठी रंगभूमीचेही झाले. या नाटकाचे मोठेपण प्रस्तुत विषयाच्या संदर्भात सांगायचे तर असे की, नाटककाराला कल्पनेची पूर्ण मुभा असूनही त्याने सुलतानाला निदानाच्या चौकटीत कोंबले नाही. त्याचा तुघलक स्वतःच्या वेडाविषयी बोलतो, पण प्रेक्षकाला सुटकेचा मार्ग मिळत नाही. आदर्शवाद, कपट आणि एकाकीपणा यांचा हिशोब त्याला स्वतःलाच करावा लागतो. नाटककाराने जे टाळले ते डॉक्टरांनी करावे, हे विचित्र आहे.

गोल्डवॉटर प्रकरण

योगायोग असा की ज्या वर्षी कर्नाडांचे नाटक आले त्याच वर्षी अमेरिकेत दुरून निदानाचे सर्वांत गाजलेले प्रकरण घडले. रिपब्लिकन पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. 'फॅक्ट' या मासिकाने १२,३५६ मनोविकारतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारले की गोल्डवॉटर हे राष्ट्राध्यक्ष होण्यास मानसिकदृष्ट्या योग्य आहेत काय? २,४१७ जणांनी उत्तर दिले. ५७१ जणांनी, आपल्याला हे सांगण्याइतकी माहिती नाही, असे प्रामाणिकपणे कळवले. ६५७ जणांनी 'योग्य' म्हटले. १,१८९ जणांनी 'अयोग्य' म्हटले आणि त्यांतील पुष्कळांनी आपल्या उत्तराला रोगांची भारदस्त नावे जोडली. मासिकाने मुखपृष्ठावर छापला तो हा शेवटचा आकडा.

या संख्यांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. दहा हजारांच्या आसपास तज्ज्ञांनी उत्तरच दिले नाही. व्यवसायाची नीती खरे तर त्या गप्प बसलेल्या लोकांनी आणि त्या ५७१ जणांनी पाळली. ज्यांनी 'योग्य' म्हटले त्या ६५७ जणांचे काय? माझ्या मते तेही चुकलेच. न तपासता 'निरोगी' म्हणणे हेही निदानच आहे. आपल्याकडे या प्रकरणाची चर्चा झालीच तर फक्त १,१८९ जणांना दोष दिला जातो. हा दोष अर्धाच आहे.

गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९६८ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रत्यक्ष भरपाई एक डॉलर, दंडात्मक भरपाई पंच्याहत्तर हजार डॉलर. १९७३ मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने आपल्या नीतिसंहितेत नियम घातला. मनोविकारांविषयी सर्वसाधारण माहिती जनतेला द्यायला हरकत नाही. मात्र स्वतः तपासणी केलेली नसताना आणि योग्य परवानगी नसताना विशिष्ट व्यक्तीविषयी व्यावसायिक मत देणे अनैतिक आहे. २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यासंबंधी सत्तावीस तज्ज्ञांचे लेख असलेले पुस्तक डॉ. बँडी ली यांच्या संपादनाखाली आले आणि हा वाद पुन्हा पेटला. धोका दिसत असेल तर इशारा देणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा या लेखकांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद हलका नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे. इशारा देण्याचे कर्तव्य ज्या कायद्यातून आले तेथे डॉक्टर आणि रुग्ण यांचा संबंध आधीच असतो. रुग्णाने खोलीत बसून, अमक्याला मारीन, असे सांगितलेले असते. राज्यकर्त्याविषयी डॉक्टरकडे अशी कोणती गुप्त माहिती असते? तो जे पाहतो ते दूरचित्रवाणीवर. तेच भाजीवालाही पाहतो. राज्यकर्ता उद्धट आहे, खोटे बोलतो, सूड घेतो, हे सांगण्यासाठी पदवी लागत नाही. पदवी जोडली की मतदाराचे मत अडाणी ठरते आणि डॉक्टरचे मत शास्त्र ठरते. लोकशाहीच्या दृष्टीने ही देवघेव तोट्याची आहे. भारतीय संविधानाने याबाबत अधिक शहाणी व्यवस्था केली आहे असे वाटते. अनुच्छेद १०२ प्रमाणे विकल मनाची व्यक्ती संसदेच्या सदस्यत्वास अपात्र ठरते, पण केव्हा? सक्षम न्यायालयाने तसे घोषित केले असेल तेव्हाच.

धर्मपुरुष आणि दुरून निदान

राजांप्रमाणेच धर्मपुरुषांवरही हा प्रयोग झाला आहे. मक्केच्या विरोधकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना 'मजनून' म्हटले, याची नोंद खुद्द कुरआनात आहे. एकोणिसाव्या शतकात आलोइस स्प्रेंगर याने त्याच आरोपाला वैद्यकीय पेहराव चढवला. स्प्रेंगर शिक्षणाने डॉक्टर होता आणि काही काळ दिल्ली कॉलेजचा प्राचार्यही होता. उर्दूतून आधुनिक विद्या शिकवण्याच्या कामात त्याचा वाटा मोठा आहे, तो नाकारू नये. पण प्रेषितांना हिस्टेरिया होता हा त्याचा निष्कर्ष म्हणजे बारा शतकांपूर्वीच्या व्यक्तीवर, अनुयायांनी व विरोधकांनी सांगितलेल्या हकिकतींवरून केलेले निदान होते. पुढे हिस्टेरिया हे निदानच वैद्यकाने मोडीत काढले. रोगाचे नाव गेले, आरोप मात्र पुस्तकात राहिला.

मुसलमान वाचकाला यात दुखावल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा अनुभव केवळ त्याचा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी काही युरोपीय डॉक्टरांनी येशू ख्रिस्तालाही भ्रमिष्ट ठरवले होते. त्यांना उत्तर दिले ते अल्बर्ट श्वाइट्झर याने, १९१३ मध्ये, आपल्या वैद्यकीय पदवीच्या प्रबंधात. त्याचे उत्तर श्रद्धेचे नव्हते. त्याने म्हटले की तुमच्या साधनांची ऐतिहासिक छाननी तुम्ही केली नाही. आणि त्या काळच्या समाजात जी कल्पना सर्वसामान्य होती ती एका व्यक्तीच्या रोगाचे लक्षण म्हणून मोजता येत नाही. धर्मभावना दुखावली म्हणून मोर्चा काढण्यापेक्षा हा मार्ग किती तरी परिणामकारक आहे.

विदर्भातले उदाहरण याहून वेगळे आहे. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात ठेवले गेले आणि ते तेथे सुमारे सोळा वर्षे राहिले. १९०८ मध्ये रघुजीराव भोसले यांनी त्यांना बाहेर आणले. त्या काळात हिंदू आणि मुसलमान दर्शनासाठी इस्पितळाच्या दाराशी जात. येथे दुरून निदान नव्हते; सरकारी यंत्रणेने माणूस समोर पाहून त्याला आत टाकले होते. लोकांनी त्याच माणसाला समोर पाहून 'मजझूब' म्हटले. प्रत्यक्ष भेट ही निदानाची किमान अट आहे, पुरेशी अट नाही, एवढे या प्रकरणावरून दिसते.

सोविएत रशियाने तर प्रत्यक्ष तपासणीलाच हत्यार बनवले. सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना 'मंद गतीचा' मनोविकार असल्याचे प्रमाणपत्र देऊन इस्पितळात डांबण्यात येई. जनरल प्योत्र ग्रिगोरेंको यांना असेच डांबले होते. सेम्यॉन ग्लुझमन या तरुण मनोविकारतज्ज्ञाने १९७१ मध्ये ग्रिगोरेंको यांना न तपासता, उपलब्ध कागदपत्रांवरून त्यांच्याविषयी एक अहवाल लिहिला आणि ते निरोगी असल्याचे म्हटले. त्याबद्दल त्याला सात वर्षांची छावणी व पुढे हद्दपारी भोगावी लागली. वर मी ज्या ६५७ अमेरिकी डॉक्टरांना चूक म्हटले, त्यांच्याप्रमाणे ग्लुझमनही चुकला काय? नाही, असे मला वाटते, आणि फरक स्पष्ट करता येतो. ग्लुझमन एका सरकारी अहवालाची चिकित्सा करीत होता. त्याच्यापुढे तपासणीच्या नोंदी होत्या, आणि ज्याच्याविषयी तो लिहीत होता तो माणूस त्या निदानापायी कोंडलेला होता. 'फॅक्ट'च्या पत्राला उत्तर देणाऱ्यांना गमवायचे काहीच नव्हते. नियम दोघांना सारखाच लावला तर नियमाचा हेतूच हरपतो.

आपल्या येथे

मुंबईकडे वळू. परवीन बाबी या जुनागढच्या बाबी घराण्यातल्या. १९७५ च्या 'दीवार'ने त्यांना नाव दिले; जुलै १९७६ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या. १९८३ मध्ये त्या देश सोडून गेल्या, १९८९ मध्ये परतल्या. मधल्या काळात आणि नंतरही चित्रपट मासिकांनी त्यांना एका गंभीर मनोविकाराचे नाव चिकटवले. आपल्याला तो आजार नाही, असे त्यांनी मुलाखतींतून वारंवार सांगितले. ते नाकारणे हेच आजाराचे लक्षण म्हणून छापले गेले. जिला नाकारण्याचाही अधिकार उरत नाही, अशा स्थितीत त्या जगल्या. त्यांच्या निकटवर्ती दिग्दर्शकाने त्यांच्या जीवनावर आधारलेल्या कथा पडद्यावर आणल्या. त्यांपैकी 'अर्थ' (१९८२) हा कलाकृती म्हणून श्रेष्ठ चित्रपट आहे. पण ज्या स्त्रीची ती कहाणी होती तिची संमती हा प्रश्न समीक्षकांनी क्वचितच उपस्थित केला. जानेवारी २००५ मध्ये जुहूच्या घरी त्यांचा एकाकी मृत्यू झाला. दाराशी दूध आणि वर्तमानपत्रे साचल्यावर शेजाऱ्यांच्या लक्षात आले. मृत्यूनंतरच्या लेखांतही बहुतेकांनी आधी रोगाचे नाव लिहिले, मग चित्रपटांची.

१४ जून २०२० रोजी सुशांतसिंह राजपूत यांचा वांद्र्याच्या घरी मृत्यू झाला. त्यानंतर अनेक महिने दूरचित्रवाहिन्यांवर जे चालले त्याची तुलना करायला जुने उदाहरण नाही. ज्यांनी त्यांना कधी पाहिले नव्हते असे तज्ज्ञ रोज रात्री त्यांच्या मनाविषयी बोलत होते. उपचारांशी संबंधित माहितीही बाहेर आली. त्या आजारांची नावे येथे पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांच्या या वर्तनावर निकाल दिला आणि आत्महत्येच्या वार्तांकनात मृत व्यक्तीचे चारित्र्य दुर्बळ म्हणून रंगवणे किंवा तिच्या खासगीपणात घुसणे टाळावे असे मार्गदर्शन केले. न्यायालय माध्यमांशी बोलत होते. स्टुडिओत बसलेल्या डॉक्टरांशी कोण बोलणार?

वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नीतिनियम डॉक्टरला रुग्णाची गुपिते फोडण्यास मनाई करतात. पण जो रुग्णच नाही त्याचे काय? ही फट २०१७ च्या मानसिक आरोग्य देखभाल कायद्याने बुजवली आहे, याची माहिती सुशिक्षितांनाही नसते. या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, उपचाराशी थेट संबंधित कारणाखेरीज किंवा कायद्याने सांगितलेल्या बाबीखेरीज, कोणत्याही व्यक्तीने अथवा अधिकाऱ्याने दुसऱ्याला मनोरुग्ण म्हणून वर्गीकृत करू नये. राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती किंवा धार्मिक समूहाचे सदस्यत्व यांवरून, अथवा समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक, राजकीय मूल्यांशी न जुळण्यावरून मनोविकार ठरवता येणार नाही. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आजही आजार आहे असे म्हणता येणार नाही. कायदा मोडणाऱ्यास शिक्षेची तरतूद कलम १०८ मध्ये आहे. ताजुद्दीन बाबांच्या वेळी असा कायदा असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

शेवटी एक अवघड उदाहरण घेतले पाहिजे. चिकित्सा-मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेले थोर विचारवंत आशिष नंदी यांनी २००२ मध्ये, गुजरातच्या हिंसाचारानंतर, 'सेमिनार' मासिकात लिहिले की दहा वर्षांहून अधिक काळापूर्वी आपण नरेंद्र मोदी यांची मुलाखत घेतली होती आणि ती संपल्यावर हा फॅसिस्टाचा नमुनेदार, चिकित्सालयीन प्रकार आहे याविषयी आपल्या मनात शंका उरली नाही. 'फॅसिस्ट' हा शब्द आपण शिवी म्हणून नव्हे तर निदानात्मक संज्ञा म्हणून वापरतो, असेही त्यांनी स्पष्ट केले. त्या वर्षी ज्यांची घरे जळाली त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्या अनेकांना हे वाक्य दिलासा देणारे वाटले. ते पुढे पुष्कळ वेळा उद्धृत झाले.

परंतु गोल्डवॉटर प्रकरणात जे आक्षेप लागू होतात ते येथे का लागू होऊ नयेत? प्रत्यक्ष भेट झाली होती हे खरे. पण ती भेट उपचाराची नव्हती, तपासणीची नव्हती, आणि मुलाखत देणाऱ्याने आपले निदान छापण्यास संमती दिलेली नव्हती. राजकीय विचारसरणीला व्यक्तिमत्त्वाच्या रोगाचे रूप दिले की तिच्याशी वाद घालण्याची गरज संपते. २००२ च्या हिंसाचारात राज्यसत्तेची जबाबदारी काय होती, हा पुराव्याचा प्रश्न होता आणि तो न्यायालयांपुढे गेला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या विशेष तपास पथकाला २०१२ मध्ये मोदी यांच्याविरुद्ध खटला चालवण्याजोगा पुरावा आढळला नाही, आणि जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष कायम ठेवला. त्या निकालाशी कोणी सहमत असो वा नसो, वाद कागदांवर, साक्षींवर आणि तारखांवर घालता येतो. नंदी यांच्या वाक्याशी तसा वाद घालता येत नाही. त्यावर विश्वास ठेवायचा किंवा ठेवायचा नाही, एवढेच उरते. नंदी यांच्या विद्वत्तेविषयी पूर्ण आदर बाळगूनही, ते वाक्य आपल्या बाजूने वापरू नये असे माझे मत आहे. ज्या समाजाला त्याच्या इतिहासातील एका सुलतानामुळे 'तुघलकी' हा शब्द कायमचा ऐकावा लागला, त्याने तरी.

या सर्वाची किंमत सार्वजनिक व्यक्ती फार देत नाहीत. त्यांच्याकडे वकील असतात, समर्थक असतात. किंमत देतो तो आदिलाबाद, यवतमाळ किंवा नागपूरच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर रांगेत उभा असलेला माणूस. राज्यकर्त्याला हिणवण्यासाठी जे रोगाचे नाव आदल्या रात्री दूरचित्रवाणीवर वापरले गेले, तेच नाव सकाळी डॉक्टर त्याच्या मुलीच्या कागदावर लिहितात. मग तो कागद घडी घालून खिशात जातो, गावात सांगितले जाते की मुलीला अशक्तपणा आहे, आणि पुढच्या तारखेला तिला आणले जात नाही.